प्रधान जाती: थोरली बहीण

३ सप्टेंबर

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कार्यालयाने माझ्यावर पहिला अन्याय केला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. तक्रार करताना कामी येते. मंजूर सामानात घडीची दोन स्टुलं होती. गाडीतून दोरीच्या चौकटी उतरल्या, खुंट्या उतरल्या, भिंग, कागदांचे गठ्ठे, स्टोव्ह, बटाट्यांचं पोतं, सगळं उतरलं. स्टुलं नाहीत. गाडीवाल्याला विचारलं तर म्हणतो, मॅडम, दिलं ते आणलं, वाटेत मी काय स्टुलं खाल्ली? माणूस तोंडाळ आहे. आमचं जमेल.

बाकी आगमन झकास. घर म्हणजे सिमेंटच्या विटांच्या दोन खोल्या, पुढे ओटा, मागे स्वयंपाकघर आणि तिथून दोन पायऱ्या उतरून न्हाणीघर. वर पत्रा. न्हाणीघराची मोरी कधी वाळत नसावी. कोपऱ्यात शेवाळाची हिरवी झालर धरली आहे. ती बघून ताईने नाक मुरडलं. मी म्हटलं, अगं, आपलं काम घरापासूनच सुरू झालं. खिडकीतून दिसतं ते मात्र काय सांगू! चढउताराचं मोकळं माळरान, मधून एक आळशी ओढा, उतारांच्या कुशीत ओलसर खळगे, लांबवर झाडी. माणूस नाही, भोंगा नाही, लिफ्टमध्ये चौकशा करणारी शेजारीण नाही. उभा जन्म मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, ‘छडी’ हे टोपणनाव कमावलं आणि निवृत्त झाले, ते बहुधा या खिडकीसाठीच.

ताई माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यापासून ती लेकीच्या घरी टीव्हीपुढे बसून असायची, टीव्ही बंद असला तरी. हे काम मिळाल्यावर मीच म्हटलं, चल माझ्याबरोबर महिनाभर, दोरीचं टोक धरायला कुणीतरी लागतंच. भाचीने एका अटीवर सोडलं: मावशी, नेतेस तशीच्या तशी आणून दे. मी म्हटलं, तुझी आई काय काचसामान आहे? पण शब्द दिला. तीस तारखेला आईला तुझ्या दारात उभी करते, म्हटलं.

४ सप्टेंबर

काम काय आहे ते इथे एकदा लिहून ठेवते, कारण कार्यालयातल्या साहेबांना ते कळत असावं असं वाटत नाही. समोर येईल त्यावर सही करतात म्हणून ताईने त्यांचं नाव सहीसाहेब ठेवलं आहे.

माळावर आपोआप उगवलेल्या झाडोऱ्याचे समूह पाडायचे. दोरीची चौकट जमिनीवर टाकायची, चार खुंट्यांनी ताणायची, आत काय काय आहे आणि कशाने किती जमीन झाकली आहे ते लिहायचं. जिने सर्वांत जास्त झाकली ती प्रधान जाती. मग जागा पाहायची: उंच की सखल, कोरडी की ओली, वाऱ्यावरची की आडोशाची. तो अधिवास. या दोन्हींवरून समूहाचं नाव ठरतं. दोन नियम मी मुलींकडून घोकून घोकून पाठ करून घेत असे. चौकटीत रुजलेलं असेल तेच धरायचं, बाहेर मूळ असून आत नुसतं वाकलेलं असेल ते नाही. आणि एका चौकटीवरून वर्ग सिद्ध होत नाही. तीच मंडळी, त्याच प्रमाणात, तशाच दुसऱ्या जागी सापडली पाहिजेत, मग तिसऱ्या. निसर्गात एकदाच घडतं त्याला अपघात म्हणतात.

ताईने दोरीचं टोक धरून हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की तू एकदा नाव ठेवलंस की मग तेच तेच दिसायला लागत नाही का गं? मी म्हटलं, ताई, तुझा बी.ए.चा विषय काय होता? गृहशास्त्र, म्हणाली. मग झालं तर, मी म्हटलं.

संध्याकाळी उकडलेली अंडी, टोस्ट, चहा. ताई खूप हसली आज. मेहुण्यांच्या घोरण्याची नक्कल केली.

६ सप्टेंबर

ओढ्याच्या अलीकडे एक खळगा आहे. तळाशी गेलं की वारा एकदम थांबतो, कुणी दार लावून घेतल्यासारखा. लव्हाळा, नेचे, मऊ शेवाळ, आणि त्यात दवबिंदू: चिकट थेंबांच्या तांबड्या पानांची इवलीशी वनस्पती, किडे धरून पचवणारी. सुंदर जागा.

मी खुंट्या ठोकून वर पाहते तो ताई चौकटीच्या मधोमध फतकल मारून बसलेली. गुडघे गेले, म्हणाली. स्टुलं असती तर बाहेर बसली असती. ऊठ म्हटलं, उठेना. इतकं मऊ आहे, उठवत नाही म्हणाली. मी म्हटलं, आत बसलीस तर मोजीन हं. तर म्हणते, मोज की! लग्नानंतर कुणी मला मोजलंच नाही.

मग मीही हट्टाला पेटले. कागदावर लिहिलं: प्रधान जाती, थोरली बहीण. आवरण, जमिनीच्या निम्म्याहून अधिक. सोबत लव्हाळा, नेचा, शेवाळ, दवबिंदू. अधिवास: सखल, ओलसर, निवारा. मोठ्याने वाचून दाखवलं. ताई हसून हसून लाल झाली. मग म्हणाली, पण नियम काय तुझा? मी कुठे रुजलेय? मी म्हटलं, उठत नाहीस ना? मग रुजलीसच. तेही लिहिलं. रुजलेली. हसताना भिंग हातातून पडलं.

आम्ही दोघी इतक्या हसलो नव्हतो, आईच्या वेळेपासून.

पान फाडलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलंय: चूक झाली तर फाडायचं नाही, खोडायचं नाही, एक सरळ रेघ मारून बाजूला सही करायची. रात्री मारीन रेघ.

८ सप्टेंबर

गाडीवाला आला. ब्रेड, रॉकेल, कांदे. स्टुलं नाहीत. तयार कागदांचा गठ्ठा घेऊन गेला. ताईने सकाळीच तो नीट दोऱ्याने बांधून ठेवला होता. व्यवस्थितपणा तिच्या अंगात आहे. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मला रेघेची आठवण झाली.

असो. एवढ्या कागदांत कोण बघतंय? आणि बघितलं तर हसतील, तेवढीच करमणूक.

ताईच्या चपला ओट्यावर वाळत ठेवल्यात. परवापासून वाळत नाहीत.

१२ सप्टेंबर

कळवायला आनंद होतो म्हणे! सहीसाहेबांनी फोन करून अभिनंदन केलं. माझ्या नमुन्यांतून एक नवीन वर्ग मान्य झाला आहे, त्याला क्रमांक दिला आहे, नकाशावर रंगही नेमला आहे. फिकट हिरवा. मी विचारलं, साहेब, आपण नाव वाचलंत का? वाचलं असेल, म्हणाले. मी म्हटलं, ती माझी बहीण आहे. ते म्हणाले, मॅडम, जातीचं स्थानिक नाव चालतं.

माझं डोकं फिरलं. सही करताना डोळे उघडे ठेवण्याचा काही वेगळा भत्ता मिळतो का, असं विचारलं. त्यावर थंडपणे म्हणाले, की मान्य झालेला वर्ग असा तोंडी रद्द होत नाही. मोसम संपेपर्यंत दुसरा नमुना सापडला नाही, तर आपोआप गळतो. सापडेल कसा? म्हटलं. मग गळेल, म्हणाले. काळजी कसली करता?

फोन आपटला. ताईला सांगितलं तर तिला केवढा आनंद! आता मी नकाशावर आहे, म्हणाली. तुझं कुठे काय आहे?

१३ सप्टेंबर

ओढ्यापलीकडे तसाच एक खळगा. वारा थांबला. लव्हाळा, नेचा, शेवाळ, दवबिंदू. प्रमाणही जवळजवळ तेच. मध्ये मात्र गवत दबलेलं, कुणीतरी बराच वेळ बसून उठल्यासारखं. जनावर असेल म्हणून हात लावला. जमीन ऊबदार होती.

ताई आज बरोबर नव्हती. घरी बटाटे सोलत होती.

तिथे चौकट टाकली नाही. का ते माहीत नाही. नाही टाकली, एवढंच.

घरी आल्यावर ताई म्हणाली, पलीकडे करड्या रंगाचा बगळा किती जवळ येतो गं, अगदी पायापाशी. मी विचारलं, तू कधी गेलीस पलीकडे? ओढ्यावर साकव नाही, दगडांवरून उड्या मारत जावं लागतं, तिला ते शक्य नाही. ती विचारात पडली. मग म्हणाली, खिडकीतून दिसला असेल.

खिडकीतून तो खळगा दिसत नाही. मी उभी राहून पाहिलं. खुर्चीवर चढूनही पाहिलं.

१५ सप्टेंबर

पाहिली.

भर दुपारी, लख्ख उन्हात. मी पलीकडच्या चढावर होते, खाली खळगा. मधोमध ती बसलेली. पाठमोरी. करड्या केसांचा अंबाडा, निळं स्वेटर, कोपराला मी घातलेलं ठिगळ. मला आधी रागच आला. एवढे दगड ओलांडून आली, पाय मोडला तर? मोठ्याने हाक मारली. तिने मान वळवली नाही. नुसता हात वर केला, बस, आलेच, अशा अर्थाचा. मेहुण्यांना ती असाच हात करायची.

मी धावत घरी आले. हो, घरी आले. खाली गेले नाही. ताई स्वयंपाकघरात होती. निळं स्वेटर, ठिगळ. हातात सुरी, पुढ्यात बटाटे. म्हणाली, एवढी धापा का टाकतेस? भूत पाहिल्यासारखी?

मी म्हटलं, ऊन लागलं.

चहा केला. तिने कप पुढ्यात घेतला, दोन्ही हातांनी धरला, गप्पा मारल्या. उठले तेव्हा कप भरलेलाच होता.

१७ सप्टेंबर

कर्तव्यात कसूर नको म्हणून माळभर फिरले. असं लिहिते खरी, पण खरं म्हणजे मला मोजायचं होतं. झाडीच्या कडेच्या खळग्यात एक. ओढ्याच्या वळणाला एक, नेच्यांमुळे फक्त अंबाडा दिसत होता. उंचावर, कोरड्या जागी एकही नाही. वाऱ्यावर एकही नाही. सखल, ओलसर, निवारा. अधिवास मी अचूक लिहिला होता; त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

एकीच्या जवळ गेले. पाच-सहा हातांवर थांबले. ती गुणगुणत होती. आई आम्हाला झोपवताना म्हणायची ते, शब्द नसलेलं. ताई ते फार चांगलं म्हणते. घरी येऊन ताईला म्हटलं, ते म्हण ना. कुठलं? आईचं. तिने आठवून आठवून पाहिलं. आठवत नाही, म्हणाली.

वाटली जाते आहे ती. एकीकडे गेलं की दुसरीकडे उरत नाही.

१९ सप्टेंबर

सहीसाहेबांना फोन. वर्ग रद्द करा, म्हटलं. नमुना सापडला का? म्हणाले. कॉन्व्हेंटच्या मुलीला खोटं बोलता येत नाही या मूर्खपणापायी मी म्हणाले, हो. किती? मी म्हटलं, बरेच. वा! म्हणाले, म्हणजे वर्ग पक्काच झाला की. मी ओरडले. ते म्हणाले, आपली हरकत लेखी पाठवा.

आजपासून एकही चौकट टाकणार नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

भाचीचा फोन. आईला दे म्हणाली. ताईने फोन घेतला, बरं आहे, हो, जेवते, हवा छान आहे, असं सगळं ठीक बोलली. मी जरा निवांत झाले. मग तिने फोन माझ्याकडे दिला आणि हळूच, अगदी सभ्यपणे, विचारलं: गोड बोलते मुलगी. कोण गं ही?

फोनवर भाची हसत म्हणत होती, मावशी, आईला विचार ना, मी लहान असताना मला काय म्हणायची ती, माझ्या मुलीला सांगायचंय. मी म्हटलं, थांब, विचारून सांगते. फोन टेबलावर ठेवला आणि धावले. पहिल्या खळग्यातली गप्प. दुसरीला विचारलं, तिने हात वर केला, बस, आलेच. ओढा ओलांडला, गुडघाभर भिजले. वळणावरच्या नेच्यांत जी बसते तिच्या मागे उभी राहून विचारलं, ताई, लेकीला लहानपणी काय म्हणायचीस?

चिमटी, ती म्हणाली. लगेच. चिमटीत मावेल एवढी होती ना, म्हणून.

आणि रडली. पाठमोरीच. लेकीची आठवण त्या एकीकडेच आहे आता.

घरी आले तोवर फोन कटला होता. मीच लावला, सांगितलं. भाची खूश झाली. एवढा वेळ लागला आठवायला? म्हणाली. मी म्हटलं, हो गं, जरा लांब ठेवलं होतं.

२२ सप्टेंबर

गाडीवाला आला. एक स्टूल आणलं! एकच. ताईने ते हातात घेऊन उघडून पाहिलं, परत मिटलं. आता नको, म्हणाली, खाली बसायची सवय झाली.

मी तिची पिशवी भरली. गाडीवाल्याला म्हटलं, मोठ्या बाईंना थेट लेकीच्या घरी सोड, वाटेत थांबू नको, चहालाही नाही. ताईला हाताला धरून गाडीत बसवलं. उचलून बसवलं म्हटलं तरी चालेल. मला, माझ्यासारख्या वाळक्या बाईला, एका हाताने जमलं. सीट दबली नाही.

गाडी फाटकाबाहेर गेली. मी ओट्यावर बसून मुलीसारखी रडले, मग तोंड धुतलं.

तासाभरात गाडी परत. गाडीवाला फाटकाबाहेरच थांबला, आत येईना. तोंडाळ माणूस, पण नुसतं मागच्या दाराकडे बोट केलं. मी जाऊन मागचं दार उघडलं. सीटवर पिशवी होती, आणि शेवाळ. नीट, माणसाएवढं. पाणी गळत होतं. टेकडीपर्यंत मागून बोलत होत्या हो, म्हणाला, वारा लागला तसं काच लाव म्हणाल्या, आणि मग...

तो आता आत येणार नाही. सामान फाटकावर ठेवीन म्हणाला. मॅडम, तुम्ही तरी चला, म्हणाला. मी मागे वळून पाहिलं. पहिल्या खळग्याच्या काठावरून हात दिसत होता. बस, आलेच.

मी म्हटलं, मी शब्द दिलाय. तू जा.

२३ सप्टेंबर

स्वयंपाकघर रिकामं. बटाटे सोललेले, पाण्यात.

इतकी शांतता. मला तिच्या बडबडीचा किती राग यायचा.

२४ सप्टेंबर

सकाळी तोंड धुवायला गेले. दोन पायऱ्या उतरून. न्हाणीघरात –

मोरीच्या कोपऱ्यात. भिंतीकडे तोंड करून.

सखल. ओलसर. निवारा. मीच म्हटलं होतं ना, काम घरापासूनच सुरू.

दार लावून घेतलं. आतून ती सावकाश म्हणाली, लाव गं नीट, वारा येतो.

२५ सप्टेंबर

ओट्यावर झोपते. वाऱ्यावर. वाऱ्यात ती येत नाही.

विचार केला. रडून काय होणार? मी शिकलेली बाई आहे. वर्ग मोडतो कसा? प्रधानता गेली की. चौकटीत दुसऱ्या कुणी तेवढीच जमीन झाकली, की ती एकटी प्रधान राहत नाही. नाव लागू पडत नाही. नाव गेलं की बाकीचे नमुने त्या वर्गाचे उरत नाहीत. मग जे जिथून गेलं ते तिथे परत –

यायला हवं. पुस्तकात असं काही नाही. पण पुस्तकात ताईही नाही.

२६ सप्टेंबर

मूळ चौकट अजून तिथेच आहे, दोरी ताणलेली. मी काढली नव्हती. ताई आत, पाठमोरी. मी शेजारी बसले. सुरुवातीला फक्त गार लागलं.

इतकं मऊ आहे. ती खरंच सांगत होती.

खांद्याला खांदा लावला. तिचा खांदा होता. खरा. थोडा जड झाला. मी पाहिलं नाही तिच्याकडे, समोर पाहत राहिले. आईचं ते गुणगुणली. आधी चुकत, मग नीट. वळणावरची ती गप्प झाली तेव्हा –

येतंय परत. येतंय.

२७ सप्टेंबर

ऊठ म्हटलं तिला. चल घरी, चिमटी वाट बघतेय. हो, चिमटी, म्हणाली. ओळखलं! म्हणजे तेही आलं. बगळ्याचं आलं. घोरण्याचं आलं, हसली.

पण उठत नाही. मीही प्रयत्न केला. पाय जरा – मुंग्या आल्या असतील. स्टूल ओट्यावर आहे. कुणी आणून दिलं तर –

चपला सापडत नाहीत. खाली काहीतरी धरून आहे. मुंग्याच असतील.

२८

वही आणली होती म्हणून बरं. ताई म्हणते लिही, तुला लिहिल्याशिवाय चैन नाही.

बसल्या जागेवरून पलीकडचा खळगा दिसतो आता, ताईला बगळा दिसला तसा. तिथे आज कुणी नाही. म्हणजे जमलं. वर्ग मोडला. मी म्हटलं होतं.

दुपारी परत पाहिलं. कुणी –

आहे. दोघी आहेत.

पाठमोऱ्या. एकीचा अंबाडा. दुसरीचे केस आखूड, माझ्यासारखे. तिच्या मांडीवर काहीतरी आहे, ती खाली वाकून –

चूक माझी. वर्ग मोडला नाही. नवीन झाला. दोन जाती, समसमान. सखल, ओलसर –

पण मी नाव दिलं नाही! कुणी दिलं? मी तर कुठेच लिहिलं नाही, फक्त इथे –

फक्त इथे.

२९

कॉन्व्हेंटच्या प्रार्थनेची दुसरी ओळ आठवत नाही. रोज म्हणायचे. झाडीच्या कडेला जी आहे, वहीवाली, तिला येत असेल. हाक मारली. तिने हात वर केला.

कॉलेजच्या मुली मला काय म्हणायच्या? काहीतरी लाकडाचं.

ताई म्हणते, राग आठवतोय ना, तेवढा पुरे. राग अजून सगळा इथे आहे. तो नाही वाटला जात.

म्हणून आत्ताच. हे पान गाडीवाल्याने इथून नेऊन साहेबांना द्यावं. आत यायची भीती वाटत असेल तर वारा सुटल्यावर यावं.

साहेब,

दोन्ही वर्ग रद्द करा. सरळ एक रेघ, बाजूला सही. सही तुम्हाला येते. दुसरं काही मागत नाही, एक स्टूल बाकी आहे तेही सोडलं. माझ्या बहिणीला मी तीस तारखेला तिच्या लेकीच्या दारात उभी करणार आहे, शब्द दिलाय, नेली तशीच्या तशी. तोंडी उत्तर चालणार नाही. माणूस पाठवाल तर त्याला सांगा, कुठल्याही खळग्यात गेला तरी चालेल, जी वाकून लिहिते आहे तिच्या हातात द्यावं, पण आत बसू नये, कितीही मऊ वाटलं तरी. उत्तर लेखी हवं, उद्या तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत. पाचनंतर आलेलं उत्तर आम्ही सगळ्याजणी –